भरवसा आणि केडगावच्या विहिरी
भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या कायम नोकरीवर घर निर्धास्त चालते. ठेका कामगाराला मात्र पुढच्या महिन्याचीही शाश्वती नसते. त्याला ‘देवावर भार टाक’ म्हणणे निष्ठुर नाही का? आक्षेप रास्त आहे. पण पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या, त्यांच्या खर्चाची आगाऊ तरतूद नसताना. प्रार्थना अखंड चालली. सोबत त्यांच्या केडगावच्या आश्रमात विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, पुढे छापखानाही उभा राहिला. उद्याच्या धास्तीने त्यांनी दार लावून घेतले नाही, हाच त्यांचा भरवसा. तेव्हा मंडळींनो, शेजारी कुणाचा पगार थकला असेल, तर प्रार्थनेला जाताना शिधाही न्या.