अर्धी गोळी

मालेगावात तिला कुत्ता गोळी म्हणतात. पोलीस छापा टाकतात, जप्त केलेली पाकिटं टेबलावर मांडून त्यांच्यामागे फोटोला उभे राहतात, आणि बातमीखाली लोक लिहितात की ही पोरं कामातून गेली. गावाचं नाव वाचूनच काहींचं मत तयार झालेलं असतं, ते वेगळं. त्या पाकिटांत असतं ते अल्प्राझोलाम. आमच्या सोसायटीतही अल्प्राझोलामच येतं. केमिस्टचा मुलगा बीपीच्या गोळ्यांबरोबर ते घरपोच देऊन जातो. फक्त इथं त्याचं नाव ‘झोपेची अर्धी गोळी’ असतं, आणि ती घेणाऱ्याला कुणी नशेडी म्हणत नाही.

रेणू तोच आहे. मेंदूला मालेगाव आणि कोथरूड यांतला फरक कळत नाही. नशेसाठी मूठभर घेणं आणि झोपेसाठी रोज एक घेणं यात फरक आहे, मान्य. पण दुसऱ्या प्रकाराला आपण धोका मानायलाच तयार नाही. त्याचं कारण मला औषधशास्त्रात सापडत नाही. ते सापडतं आपल्या या समजुतीत, की व्यसन नेहमी दुसऱ्यांच्या पोरांना लागतं.

आधी त्या ‘अर्धी’ शब्दाकडे बघू. ०.५ मिलिग्रॅम. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची, तर ही म्हणजे चिमूटसुद्धा नाही असं वाटतं. हेदर अ‍ॅश्टन या प्राध्यापक बाईंनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एक क्लिनिक चालवलं. काम एकच, लोकांना या जातीच्या गोळ्यांतून सोडवणं. त्यांनी केलेल्या तुलनेच्या तक्त्यात अल्प्राझोलामचा हा अर्धा मिलिग्रॅम साधारण १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचा धरला आहे. डायझेपाम म्हणजे व्हॅलियम. तुमची आई व्हॅलियमचं नाव ऐकून दचकेल, आणि अर्धी गोळी घेऊन झोपायला जाईल.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम ब्रेक दाबणं. या गोळ्या त्या ब्रेकवर आणखी जोर देतात. म्हणून पहिल्या रात्री जादू वाटते. रोज कुणी ब्रेकवर पाय ठेवून बसलं की काही आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो, स्वतःचा ब्रेक ढिला करतो. मग तेवढ्याच गोळीने तेवढी झोप येत नाही. एखाद्या रात्री गोळी राहिली, तर मूळची होती त्याहून वाईट अवस्था होते: धडधड, घाम, रात्रभर टक्क डोळे. माणूस यातून निष्कर्ष काढतो, ‘बघा, मला गोळीशिवाय झोपच लागत नाही.’ तो जे भोगत असतो ते गोळी सुटल्याचं असतं, आणि तेच गोळीची गरज असल्याचा पुरावा ठरतं. धंदा म्हणून बघितलं तर यासारखं गिऱ्हाईक नाही. शिवाय ही झोपही पूर्ण नसते. या गोळ्या गाढ झोपेचा वाटा कमी करतात.

आणि दर पिढीला सांगितलं गेलं की जुनं वाईट होतं, नवं सुरक्षित आहे. १९०३ मध्ये बार्बिटल आलं. त्याच्या भावंडांनी निम्मं शतक माणसं मारली. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड आलं, तेसुद्धा झोपेचं निर्धोक औषध म्हणूनच. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून जास्त मुलं व्यंग घेऊन जन्मणार हे ठरून गेलं होतं. १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम. पुढे झोल्पिडेम. ते १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरतं, म्हणून त्यांचा डोस निम्मा करा हे तिथल्या औषध नियामकाने सांगितलं २०१३ मध्ये. मधली वीस वर्षं बायका पुरुषांच्या मापाची गोळी घेऊन सकाळी कामाला जात होत्या. २०१९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही माणसं ती घेऊन झोपेत चालत होती, गाडी चालवत होती, आणि त्यात काहींचा जीव गेला. असं क्वचित घडतं. पण ज्याच्या घरात घडतं त्याला टक्केवारी सांगून बघा.

माझ्या आजीची गोळी आजोबा गेले तेव्हा सुरू झाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिली होती. ती नऊ वर्षं चालली. दरम्यान ती डॉक्टरांकडे याच गोळीसाठी पुन्हा कधी गेली नाही. जुन्या चिठ्ठीवर मिळत राहिली. ती विसरायला लागली, दुपारी बसल्या जागी पेंगायला लागली. सगळे म्हणाले, वय झालं. एका रात्री तीनच्या सुमाराला बाथरूमला जाताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हाताऱ्या माणसांना या गोळ्या शक्यतो देऊ नयेत याचं पहिलं कारणच हे आहे: तोल जातो, माणूस पडतो. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या रात्री तिचे हात थरथरायला लागले आणि ती मला म्हणाली, “अगं, त्या बाईंना खुर्ची दे, केव्हाच्या उभ्या आहेत.” खोलीत आम्ही दोघीच होतो. बीपी, शुगर, थायरॉइड सगळं फाइलमध्ये होतं. अर्धी गोळी नव्हती, कारण नऊ वर्षांत ती कुठल्याच फाइलवर चढली नव्हती. पहाटे एका शिकाऊ डॉक्टर मुलीने विचारलं, “आजी झोपेची गोळी घेतात का?” त्या इस्पितळात हा प्रश्न विचारणारी ती पहिली.

कायदा नाही असं नाही. २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. विकताना केमिस्टने वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. आणि आपण जुन्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ‘दादा एक स्ट्रिप’ लिहितो.

माझी मागणी साधी आहे. साध्या घशाच्या अँटिबायोटिकवर ‘पाच दिवस’ असं लिहितात, मग या गोळीवर थांबण्याची तारीख का नसते? ब्रिटनमध्ये ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरती द्यावीत असं कित्येक वर्षं सांगितलं जातं. आपल्याकडे सुरुवात लिहिली जाते, शेवट रुग्णाच्या कल्पनाशक्तीवर सोडतात. डॉक्टर सगळे वाईट असतात असं मी म्हणत नाही. फिट्स येणाऱ्याला, पॅनिकने गुदमरणाऱ्याला, काल घरात माणूस गेलेल्याला यातली औषधं लागतात आणि ती द्यायलाच हवीत. मी बोलतेय ती ‘चालू ठेवा’ या दोन शब्दांबद्दल.

‘मग झोपू कसं?’ हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेच्या वेळेवर रात्री दोनला कॉल घेणाऱ्या मुलाला, दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर राहणाऱ्या मुलीला झोप येत नाही, यात तिच्या मेंदूचा दोष किती आणि कामाच्या तासांचा किती? गोळी हा हिशेब मिटवून टाकते. कंपनीचा प्रश्न तुमचा आजार होतो, आणि त्याचं बिलही तुम्हीच भरता. जुनाट निद्रानाशावर आधी वर्तनोपचार करा, गोळी नंतर, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं. त्यात उठायची वेळ पक्की ठेवायची, झोप आली तरच अंथरुणात जायचं, नाही लागली तर उठून बाहेर यायचं, आणि सुरुवातीला अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करायचा. पहिले दोन आठवडे भयंकर जातात. पाच मिनिटांच्या ओपीडीत हे शिकवून होत नाही, चिठ्ठी लिहून होते.

हे वाचून कुणी आज रात्री घरातली स्ट्रिप कचऱ्यात टाकू नये. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. ज्याने लिहून दिली त्याच्याकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि विचारा, ही उतरवायची कशी. आजीची आठ महिन्यांत उतरवली. शेवटी शेवटी गोळीचा चतकोर करायला घरात ब्लेड ठेवलं होतं. आता ती वॉकर घेऊन चालते, पाच तास झोपते, आणि पाचच तास झोप लागली म्हणून सकाळी सगळ्यांना ऐकवते.