तंत्रज्ञ परततील, तंत्र राहील का?

यंत्र कारखान्यात येऊन पडते, पण ते उभे करणारा माणूस येत नाही, ही अवस्था गेल्या काही वर्षांत भारतातील अनेक उद्योगांनी अनुभवली. चीनमधून मागवलेली यंत्रसामग्री बंदरात उतरली, ती बसवून देणारे तंत्रज्ञ मात्र व्हिसाची वाट पाहत मायदेशीच अडकले. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान हुतात्मा झाल्यानंतर चिनी नागरिकांच्या अर्जांची छाननी कडक होणे स्वाभाविकच होते. परंतु त्याच वर्षी केंद्र सरकारने उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनाही सुरू केली. पुढे १४ क्षेत्रांपर्यंत विस्तारलेल्या या योजनेसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली. मोबाइल, सौरपट्ट्या, विद्युत घट अशा वस्तू येथेच बनाव्यात, हा तिचा हेतू. त्या बनवणारी यंत्रे मात्र बव्हंशी चीनमधूनच येत होती. एक खाते कारखाना काढण्यासाठी पैसा देत होते आणि दुसऱ्या खात्याकडे कारखाना सुरू करून देणाऱ्याचा अर्ज पडून होता.

ही विसंगती दूर करण्यास सरकारने आता सुरुवात केली आहे. यंत्रांची उभारणी, गुणवत्ता तपासणी, देखभाल, प्रशिक्षण अशा कामांसाठी येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञांकरिता व्यवसाय व्हिसाचा स्वतंत्र उपप्रकार करण्यात आला. उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस त्यासाठीची ऑनलाइन सुविधा खुली केली. भारतीय कंपनी स्वतःच पुरस्कारपत्र तयार करते आणि त्या आधारे परदेशी तंत्रज्ञ अर्ज करतो. संबंधित मंत्रालयाच्या शिफारशीसाठी खेटे घालण्याची गरज उरलेली नाही.

या बदलाचे स्वागत करावयास हवे. आतापर्यंत अशा तंत्रज्ञाला रोजगार व्हिसा घ्यावा लागे. वार्षिक १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक वेतन असावे आणि ज्या कामासाठी पात्र भारतीय पुरेशा संख्येने उपलब्ध आहेत त्यासाठी परदेशी माणूस आणू नये, या त्या व्हिसाच्या मुख्य अटी. भारतीयांच्या नोकऱ्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या घातल्या गेल्या आणि त्या योग्यच आहेत. पण दोन-तीन महिन्यांसाठी येऊन यंत्र सुरू करून देणारा जोडारी कोणाची नोकरी हिरावत नाही. उलट तो आला नाही, तर ज्यांना त्या यंत्रावर काम मिळायचे आहे त्या शेकडो भारतीय तरुणांची भरती लांबते.

अर्थात, सवलतीचा गैरवापर होतो, हाही अनुभव जुना नाही. वीजप्रकल्पांच्या बांधकामांवर व्यवसाय व्हिसावर आलेले चिनी कामगार मोठ्या संख्येने राबत असल्याचे २००९ मध्ये उघड झाले होते. त्यांतील अनेकांची कामे कोणताही भारतीय मजूर करू शकला असता. अखेर गृह मंत्रालयाला त्यांना परत जाण्यास आणि रोजगार व्हिसा घेऊनच येण्यास सांगावे लागले. त्यामुळे द्रुतगती व्हिसावर आलेला माणूस पुरस्कारपत्रात लिहिलेलेच काम करतो की नाही, हे तपासावेच लागेल. सीमेवरील तणाव पाहता सुरक्षेची छाननीही टाळता येणार नाही. मात्र छाननी काटेकोर असणे आणि अर्ज महिनोन्महिने पडून राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. तंत्रज्ञ आला, यंत्र सुरू झाले, तो परत गेला. त्यानंतर येथे काय उरले? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारताने या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून ठेवले होते. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. तोवर भारतीय अभियंते सोव्हिएत कारखान्यांत शिकून आले होते. परदेशी तज्ज्ञाच्या बाजूला भारतीय अभियंता उभा करायचा आणि यथावकाश जबाबदारी त्याच्याकडे सोपवायची, ही तेथील रीत होती. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या रूळबांधणीसाठी जपानी तज्ज्ञांकडून भारतीय अभियंत्यांना सुरतमध्ये देण्यात आलेले प्रशिक्षण याच परंपरेतले.

नव्या व्हिसाच्या यादीत प्रशिक्षण आहे, पण ते अनेक उद्देशांपैकी एक म्हणून. ते प्रत्येक व्हिसाची अट व्हायला हवे. येणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाताखाली कोणते भारतीय कर्मचारी शिकणार आणि तो परतल्यावर कोणते काम ते स्वतः करणार, हे कंपनीने पुरस्कारपत्रातच लिहून द्यावे. त्याच यंत्रासाठी, त्याच कामाकरिता पुन्हा परदेशी माणूस मागितला गेला, तर पहिल्या खेपेस कोण काय शिकले, याचा हिशेब मागावा. यासाठी नवी परवानगी वा नवे कार्यालय नको; आहे त्याच अर्जात दोन रकाने वाढवले तरी भागेल. जवळच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतील शिक्षकांनाही या उभारणीच्या काळात कारखान्यात प्रवेश मिळाला, तर एका कारखान्यातील ज्ञान पूर्ण पंचक्रोशीत पोहोचेल.

हे तातडीचे का, ते २०२५ च्या जुलैमध्ये दिसले. आयफोनची जुळणी करणाऱ्या फॉक्सकॉनने भारतातील कारखान्यांतून शेकडो चिनी अभियंत्यांना माघारी बोलावल्याचे वृत्त त्या वेळी आले. म्हणजे आपण व्हिसा कितीही लवकर दिला, तरी माणूस पाठवायचा की नाही, हा निर्णय दुसऱ्याच्या हाती राहतो. हा धोका आपल्याच माणसांच्या हाती कसब आल्यानेच कमी होऊ शकतो.

जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसामर्यादा २०२४ मध्ये २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. तेथे नोकरी देणाऱ्याला शुल्क भरून द्रुतगती प्रक्रियाही मागता येते. वृद्ध होत चाललेल्या त्या देशाला माणसे हवी आहेत आणि ती तेथेच राहावीत, असे त्याला वाटते. भारताकडे माणसांची वाण नाही. आपल्याला येणाऱ्याचे कौशल्य हवे आहे. म्हणून या व्हिसाचे यश किती दिवसांत किती अर्ज निकाली निघाले, यावर मोजू नये. पाच वर्षांनंतर त्याच कारखान्यातून असे अर्ज येणे किती घटले, हे पाहावे.