हळू धावणाऱ्याची बाजू

पावसाळा ओसरू लागला की मुंबईतील कार्यालयांमध्ये एक निराळाच संसर्ग पसरतो. एरवी उद्वाहन बंद पडले म्हणून दुसऱ्या मजल्यावरील बैठक पुढे ढकलणारी मंडळी एकाएकी किलोमीटर, बूट आणि नाडीचे ठोके यांविषयी बोलू लागतात. जानेवारीतील तिसऱ्या रविवारी होणारी मॅरेथॉन हे या संसर्गाचे मूळ. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीने शहराच्या पंचांगात स्वतःचा एक सण निर्माण केला आहे. दिल्ली, बंगळूर, कोलकाता, हैदराबाद, बडोदा येथील वाचकांनाही हे दृश्य अपरिचित नसावे. सण तोच, तिथी तेवढी निराळी.

या सणात वेगवान धावपटूंचे कौतुक यथासांग होते आणि ते व्हायलाच हवे. परंतु ज्याला धावायचे नव्हते, ज्याला कोणीतरी ओढून आणले आणि जो सर्वांच्या मागे राहिला, त्याच्या बाजूने चार शब्द क्वचितच लिहिले जातात. ते लिहिण्यासाठी दादर परिसरातील एका बँक शाखेच्या लेखापाल महाशयांचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. वय चोपन्न. नोकरी तीस वर्षांची. रक्तातील साखर सीमारेषेवर, आणि सीमा कोणत्या बाजूने ओलांडली जाणार याविषयी डॉक्टरांना मुळीच शंका नाही. महाशयांच्या वडिलांची दृष्टी याच साखरेने नेली होती. त्यामुळे तपासणीचा अहवाल त्यांनी कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात, मुदत संपलेल्या विमापत्रांच्या खाली ठेवला होता.

शर्यतीत त्यांचे नाव गेले ते एका तरुण अधिकाऱ्याच्या उत्साहामुळे. सामूहिक नोंदणीची यादी फिरत फिरत त्यांच्या मेजावर आली. ज्या मनुष्याने तीस वर्षांत न वाचता एकाही व्हाउचरवर सही केली नव्हती, त्याने हा एकच कागद न वाचता सही करून पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी कळले, की दहा किलोमीटरच्या शर्यतीत धावण्यास आपण संमती दिली आहे. ‘खोडून टाका’ असे सांगण्याचा मोह झाला. पण सही केलेल्या कागदावर खाडाखोड करणे त्यांच्या संस्कारांत बसत नव्हते.

प्रारंभ अर्थातच खरेदीने झाला. धावण्याच्या बुटांची जोडी साधारणतः पाचशे ते आठशे किलोमीटर टिकते, असे विक्रेत्याने सांगितले. महाशयांनी हा भांडवली खर्च मान्य केला. पहिल्या पंधरवड्यातील त्यांची प्रगती आठवड्याला दोन फेऱ्या इतकी होती. शिवाजी पार्कची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक भरते. या गतीने सातशे किलोमीटर पुरे होण्यास सुमारे सहा वर्षे लागली असती. म्हणजे बूट आणि महाशय एकाच सुमारास सेवानिवृत्त झाले असते.

पहिल्या दिवशी पहाटे पावणेसहाला ते शिवाजी पार्कवर पोहोचले आणि सुटणारी बस पकडावी तसे धावू लागले. आयुष्यात धावण्याचा तेवढाच एक प्रकार त्यांना ठाऊक होता. दोनशे पावलांत श्वास संपला. कट्ट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सहानुभूतीने विचारले, “पहिलाच दिवस का? बूट नवे दिसतात.” त्यांनी उत्तरासाठी तोंड उघडले, परंतु शब्द फुटेना. तेवढ्यात पाठीमागून चार वयस्क स्त्रिया आदल्या रात्रीच्या मालिकेतील सासूच्या कारस्थानाची चिकित्सा करीत आल्या. “अहो, जरा बाजूने,” असे म्हणून त्या चालत चालतच पुढे निघून गेल्या. मैदानाला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून त्या परत आल्या, तेव्हा कारस्थान उघडकीस आले होते आणि महाशय तिथेच बसलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून महाशयांनी जे काही केले, ते पाहिल्याशिवाय हौशी धावपटूचे मन कळत नाही. दम लागला की ते बुटांची नाडी बांधायला वाकत. दोन्ही नाड्या बांधून झाल्या की भ्रमणध्वनी कानाशी धरून कोणाशी तरी गंभीर बोलत असल्याचे सोंग आणीत. एकदा त्याच वेळी दूरध्वनी खरोखरच वाजला आणि पंचाईत झाली. कट्टा नसलेल्या बाजूने जावे असाही विचार त्यांनी केला. परंतु शिवाजी पार्कचा कट्टा मैदानाला वेढून आहे. प्रेक्षक नाहीत अशी बाजूच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. नवशिका मनुष्य धावणे सोडतो तेव्हा त्याचे पाय थकलेले असतात असे आपण मानतो. पुष्कळदा पाय थकलेले नसतात. कट्टा असह्य झालेला असतो. ही लाज टाळण्यासाठी तो आपल्या कुवतीपेक्षा जोरात धावतो, जोरात धावल्याने लगेच दमतो, दमल्याने अधिक लाजतो, आणि तिसऱ्या आठवड्यात नवे बूट मुलाला देऊन टाकतो. अधिक जोराने धावण्याचा सल्ला देऊन हे चक्र थांबत नाही. हळू धावणे म्हणजे वेगवान धावण्याची अपुरी नक्कल नव्हे. नवशिक्याच्या बाबतीत तेच योग्य काम आहे, एवढे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

महाशयांना ते सांगितले शाखेतील शिपायाने. हा गृहस्थ साताऱ्याच्या माण तालुक्यातला. रिओ येथील २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबर यांच्याच तालुक्यातला. तो दर वर्षी अर्धमॅरेथॉन धावतो, ही गोष्ट शाखेत कोणालाही ठाऊक नव्हती, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते. एका सकाळी तो महाशयांच्या बरोबरीने सावकाश धावू लागला आणि म्हणाला, “साहेब, गावाकडचं काहीतरी सांगा की.”

“बोलवत नाही रे,” महाशय कसेबसे म्हणाले.

“मग लई जोरात चाललंय. बोलता येईल एवढंच धावायचं. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला.”

“चाललं तर चालतं?”

“चालायला काय दंड आहे का, साहेब?”

हा गावठी उपाय नव्हे. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, ही कसोटी व्यायामशास्त्रात मान्यता पावलेली आहे. धावणे आणि चालणे यांची आलटून पालटून सांगड घालण्याची पद्धत १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी अनेक दशके नवशिक्यांना शिकवली. तिच्यामागील कारण साधे आहे. नियमित व्यायामाने हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडे यांना मात्र महिने लागतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात दम पुरू लागतो आणि मनुष्याला आपण धावपटू झालो असे वाटते. धोक्याचा काळ तोच. महाशयांनीही त्या आठवड्यात एकदम अंतर दुप्पट केले. छातीने मंजुरी दिली होती, नडगीने दिली नव्हती. मंजूर मर्यादेबाहेर उचल केली की काय होते हे लेखापालाला निराळे सांगायला नको. पुढील तीन आठवडे ते व्याजासह वसुली सोसत, पायाला बर्फ लावून घरी बसले.

सर्व उपदेशांपैकी एकच उपदेश त्यांना ऐकताक्षणी पटला होता. शर्यतीआधी पिष्टमय पदार्थ भरपूर खावेत, असे त्यांनी कुठेतरी वाचले आणि दोन महिने आधीपासूनच त्याची तालीम सुरू केली. दहा किलोमीटरसाठी शरीरातील नेहमीचा साठा पुरेसा असतो, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगेपर्यंत साबुदाण्याची खिचडी आणि बटाटेवडे यांचा बराच साठा झाला होता. डॉक्टरांनी हृदयाचा आलेखही काढून घेतला. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीने हे काम नव्या बुटांच्या आधी करावयाचे असते. महाशयांनी ते नंतर केले आणि सुदैवाने निभावले.

याच यादीत नाव असलेल्या शाखेतील एका महिला अधिकाऱ्यांचे उदाहरण मात्र विनोदाने घेता येत नाही. पहाटेची वेळ त्यांच्या हातात नव्हती. ती वेळ तीन डबे आणि सासूबाईंची औषधे यांची होती, आणि अंधारात एकटीने रस्त्यावर धावण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सारा सराव रात्री साडेनऊनंतर इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांना वळसे घालीत केला. त्यांचा वेग महाशयांपेक्षा पुष्कळ चांगला होता. पण नंतरच्या गौरव-समारंभात सरावाच्या काठिण्याविषयी भाषण करण्याची विनंती महाशयांना झाली.

सावकाशपणाला परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. शिझो कानाकुरी हे जपानी धावपटू १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये उन्हाने बेजार झाले, वाटेतील एका घरी थांबले आणि कोणाला न सांगता मायदेशी परतले. १९६७ साली स्वीडनने त्यांना सन्मानाने बोलावले आणि त्यांनी अंतिम रेषा ओलांडली. नोंदलेला वेळ ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद. मधल्या काळात, १९२० साली, हेच कानाकुरी अँटवर्पला धावले तेव्हा त्याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते एकोणिसावे आले. भारतीय खेळाडूंच्या त्या पथकामागची प्रेरणा पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींची. तेथे अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले होते. शंभर यार्डांना किती वेळ लागावा, असे जिमखान्याच्या एका मान्यवर सदस्यांना विचारले असता त्यांनी मिनिटांच्या भाषेत उत्तर दिले, अशी आठवण टाटांनी पुढे एका पत्रात नोंदवली आहे. महाशयांना हे सदस्य अत्यंत जवळचे वाटले.

फौजा सिंग यांनी तर मॅरेथॉन धावण्यास २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी आरंभ केला, आणि २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन शंभराव्या वर्षी पूर्ण केली. जन्मदाखला नसल्याने गिनीजने तो विक्रम नोंदवला नाही. पारपत्र होते, राणीचे शुभेच्छापत्र होते. पण कागद अपुरे. बँकेतील वाचकांना यात कोणाची बाजू घ्यावी असा प्रश्न पडेल. २०२५ साली रस्ता-अपघातात ते गेले.

आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीवर. आपल्या कार्यालयांनी धावण्यालाही लक्ष्यपूर्तीचे स्वरूप दिले आहे. किती कर्मचारी उतरले, कोणाचा वेळ किती, छायाचित्रे कुठे, अशी विवरणपत्रे मागवली जातात, आणि मार्चअखेरीचा श्वास जानेवारीतच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे; तीत क्रमांकाचा उल्लेख नाही. शाखेला खरोखरच काही करावयाचे असेल, तर महिला कर्मचाऱ्यांना सुरक्षित जागा आणि दिवसाउजेडी वेळ मिळवून द्यावी, नावनोंदणीआधी तपासणी करून घ्यावी, आणि फेब्रुवारीत कोण अजून धावते आहे याची हळूच चौकशी करावी. जानेवारीत तर सगळेच धावतात.

शर्यतीच्या दिवशी महाशय सर्वांत मागच्या गटात उभे राहिले. छातीवरील क्रमांकपट्टीतील चिप प्रत्येकाने प्रारंभरेषा ओलांडल्यापासून त्याचा वेळ मोजते, बंदूक वाजल्यापासून नव्हे, हे कळताच त्यांना फार बरे वाटले; नोंदीची तारीख आणि व्हॅल्यू डेट यांतील हा भेद त्यांच्या पूर्ण परिचयाचा होता. एक मिनिट पळत, दोन मिनिटे चालत ते गेले. मरीन ड्राइव्हवर एका मुलीने संत्र्याची फोड पुढे केली, ती त्यांनी थांबून, बिया काढून, आभार मानून खाल्ली. एक तास अडतीस मिनिटे.

पुढील मंगळवारी पहाटे ते पुन्हा शिवाजी पार्कवर होते. त्या चौघीजणी नेहमीप्रमाणे मागून आल्या. महाशयांची चालण्याची दोन मिनिटे नुकतीच सुरू झाली होती. मालिकेत पुढे काय झाले, असे त्यांनी विचारले, आणि सासू तुरुंगात जाईपर्यंत अर्धी फेरी त्यांच्या बरोबरीने ऐकत गेले.