दोन अक्षरांचा भरवसा

14 जून 2017 रोजी मध्यरात्रीनंतर लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उत्तुंग इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, एका स्वयंपाकघरात आग लागली. त्या आगीने 72 माणसांचे बळी घेतले. इमारतीच्या ज्वालाग्राही बाह्य आवरणामुळे ती चहूकडे पसरली, हा चौकशीचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. तेव्हा त्या भीषण प्राणहानीचे सारे खापर एका उपकरणावर फोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु आगीचा उगम एका मोठ्या फ्रीजमधील विजेच्या दोषात होता, हेही त्याच चौकशीने 2019 साली नमूद करून ठेवले आहे. जे उपकरण घरात अहोरात्र चालू असते आणि ज्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, ते किती निर्धोक असले पाहिजे, याची याहून दारुण आठवण कोणती असू शकेल?

ब्रिटन त्या वेळी युरोपीय संघाचा सभासद होता. म्हणूनच घरगुती विद्युत उपकरणांसंबंधीचे संघाचे नियम काय आहेत आणि त्यांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. पूर्वी युरोपातील प्रत्येक देशाची तपासणी निराळी आणि शिक्काही निराळा असे. एका देशात उत्तीर्ण झालेली इस्त्री सीमेपलीकडे पुन्हा परीक्षेला बसे. हा घोळ मिटविण्यासाठी तेव्हाच्या युरोपीय समुदायाने 1973 साली लघुदाब उपकरणांसाठी एक सामायिक निर्देश काढला. आज त्याच्या जागी 2014 चा निर्देश असून तो एप्रिल 2016 पासून लागू आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या 50 ते 1000 व्होल्ट आणि एकदिश प्रवाहाच्या 75 ते 1500 व्होल्ट दाबावर चालणारी बहुतेक उपकरणे त्याच्या कक्षेत येतात. माणसे, पाळीव जनावरे आणि मालमत्ता यांना धोका पोचता कामा नये, हे त्याचे सार आहे.

या एका वाक्यामागे मानकांचा मोठा पसारा उभा आहे. लहान मुलाचे बोट फटीतून जिवंत तारेपर्यंत पोचेल काय, हे सांधे असलेल्या कृत्रिम बोटाने पाहिले जाते. विजेचे आवरण नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट दाब मिनिटभर सोसते की नाही, याची परीक्षा होते. दुहेरी आवरणाच्या उपकरणाला साधारणतः 3000 व्होल्टचा दाब सोसावा लागतो. लाल तापलेली तार प्लॅस्टिकला टेकवून ते पेट घेते काय, आणि घेतल्यास आपोआप विझते काय, हेही तपासले जाते. या कसोट्या उत्तम आहेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

शंका आहे ती दुसरीच. या कसोट्या घेतो कोण? उपकरणावरील ‘सीई’ ही दोन अक्षरे पाहून सामान्य ग्राहकाची अशी समजूत होते की, युरोपातील एखाद्या सरकारी प्रयोगशाळेने ही वस्तू पारखून घेतली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. लघुदाब उपकरणांच्या बाबतीत ही अक्षरे उत्पादक स्वतःच छापतो. तपासणी त्याने करावयाची अथवा करवून घ्यावयाची, कागदपत्रे त्याने दहा वर्षे जपावयाची, आणि आपला माल नियमानुसार असल्याची घोषणाही त्यानेच करावयाची! त्रयस्थ संस्थेचा दाखला कायद्याने आवश्यक नाही. म्हणजे ती अक्षरे परीक्षकाची मोहोर नव्हेत. तो उत्पादकाचा शब्द आहे.

केवळ एवढ्यावरून ही पद्धती टाकाऊ ठरविणे उतावीळपणाचे होईल. प्रत्येक वस्तू आधी सरकारी दारात उभी करावयाची म्हटले, तर छोटा कारखानदार खर्चानेच मेटाकुटीस येईल. शिवाय परीक्षेसाठी पाठविलेला नमुना आणि पुढे बाजारात आलेला माल एकच असतो, याची हमी कोणी द्यावी? म्हणून युरोपने विश्वास आधी आणि तपासणी मागाहून, असा मार्ग पत्करला. सभासद देशांच्या अधिकाऱ्यांनी दुकानांतून वस्तू घेऊन तपासाव्यात, धोका आढळताच तिची विक्री थांबवावी आणि ‘सेफ्टी गेट’ यंत्रणेद्वारे इतर देशांना सावध करावे, अशी ही योजना आहे.

पण हा दुसरा पाय लंगडा पडला तर पहिला कितीसा टिकणार? 2024 या एका वर्षात 150 युरोपर्यंतच्या किमतीची सुमारे 4 अब्ज 60 कोटी पार्सले युरोपीय संघात आली, असे खुद्द युरोपीय आयोगच सांगतो. दिवसाला हे प्रमाण सुमारे 1 कोटी 20 लाख पडते! एवढ्या लोंढ्यातील चार्जर आणि हीटर कोणत्या अधिकाऱ्याने उघडून पाहावेत? जुलै 2021 पासून अशा मालासाठी संघात जबाबदार प्रतिनिधी असणे सक्तीचे झाले, आणि डिसेंबर 2024 पासून लागू झालेल्या सर्वसाधारण सुरक्षा नियमाने ऑनलाइन बाजारपेठांवरही जबाबदारी टाकली. हे योग्यच झाले. परंतु तपासनीस आणि प्रयोगशाळा न वाढविता केवळ नियम वाढविणे, म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवण्यासारखे आहे.

आपल्या वाचकांनाही यात घेण्याजोगा बोध आहे. आपल्या बाजारातील चार्जरवरही ती दोन अक्षरे झळकतात. पण भारतात त्यांना कायदेशीर आधार नाही. मोबाइलच्या चार्जरसाठी येथे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक आहे आणि तिच्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. तेव्हा पाहावयाचे ते ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक; आणि तो खरा की खोटा, हे ब्यूरोकडे ताडूनही पाहता येते.

उत्पादकावर विश्वास टाकण्यास आमची हरकत नाही. व्यवहार विश्वासावरच चालतो. पण ज्या शब्दाची पारख कधीच होत नाही, त्याची किंमत दिवसेंदिवस घटत जाते, आणि त्या घसरणीचे मोल प्रामाणिक कारखानदार व्यापारात मोजतो, तर ग्राहक कित्येकदा प्राणाने मोजतो. ज्या सरकारने शिक्क्याला कायद्याचे बळ दिले, त्याने त्यामागे उभे राहण्याचा खर्चही सोसलाच पाहिजे.