इंदूरच्या पोरांचा निकाल एकोणिसाव्या वर्षी लावू नका

रजत पाटीदारनं भारताची कसोटी टोपी घातली ती २ फेब्रुवारी २०२४ रोजी, विशाखापट्टणमला, इंग्लंडविरुद्ध. तेव्हा त्यानं तिशी ओलांडली होती. व्यंकटेश अय्यर भारतातर्फे पहिला टी-२० सामना खेळला तो सव्विसाव्या वर्षी आणि आवेश खान पंचविसाव्या. तिघंही इंदूरचे. त्यांतला एकटा आवेश एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला होता, तोही २०१४ आणि २०१६ असा दोनदा. बाकी दोघांची नावं त्या वयात इंदूरबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

तरीही इंदूरमध्ये नेटच्या जाळीमागे ताटकळणाऱ्या आईबापांच्या डोक्यात एकच हिशेब असतो: सोळा वर्षांखालच्या संघात आला का, एकोणीसमध्ये येईल का, आणि तिथं नाही आला तर पुढं काय? बहुतेक घरांत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आता पुरे’ असंच निघतं. या शहराचा क्रिकेटचा इतिहास पाहिला, तर ही घाई कुठंच बसत नाही.

कर्नल सी. के. नायडू भारताची पहिली कसोटी खेळले, तीही कर्णधार म्हणून, तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. १९३२ सालचं लॉर्ड्स. साठी उलटल्यावरही त्यांनी रणजी सामना खेळला. होळकर संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला, त्यामागे तुकोजीराव आणि यशवंतराव होळकरांच्या दरबारचा आश्रय होता आणि मैदानावर नायडूंची करडी शिस्त होती. चंदू सरवटे, खंडू रांगणेकर, माधवसिंह जगदाळे अशी मराठी नावं त्या संघात सहज सापडतात. यांतल्या सरवट्यांनी १९४६ साली भारतीय संघाकडून खेळताना ओव्हलवर सरेविरुद्ध शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा केल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनी शतकं ठोकली, आणि दोघांचीही उमेदवारी तेव्हा कधीच संपलेली होती.

एकोणिसाव्या वर्षीचे चमत्कारही इंदूरनं पाहिले आहेत, हे कबूल केलंच पाहिजे. मुश्ताक अली त्या वयात कसोटी खेळले. नरेंद्र हिरवाणीनं जानेवारी १९८८ मध्ये चेन्नईला वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पणातच १३६ धावांत १६ बळी घेतले, तेव्हा तोही एकोणीसचाच होता. पण हे दोघे आपोआप उगवले नाहीत. मुश्ताकना नायडूंनी पोरवयातच हेरलं होतं. हिरवाणी गोरखपूरहून इंदूरला आला तेव्हा अंगानं चांगलाच जड होता. नेहरू स्टेडियममधल्या एका खोलीत तो राहायचा आणि माधवसिंहांचे चिरंजीव संजय जगदाळे यांच्या नजरेखाली लेगस्पिन टाकत राहायचा. त्या वजनाकडे पाहून कुणीही त्याला परत पाठवलं असतं. जगदाळ्यांना मात्र पोराची चिकाटी दिसली आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं. सोळा बळींचं श्रेय हिरवाणीच्या मनगटाचं आहे, पण त्या खोलीचंही आहे.

हेच काम पुढं अमय खुरासियांनी केलं. मूळचे जबलपूरचे, भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेले हे डावखुरे फलंदाज. मध्य प्रदेश क्रिकेट असोसिएशनच्या अकादमीत आवेश आणि रजत दोघेही त्यांच्या हाताखाली घडले. आवेशचे वडील पानाची टपरी चालवत. रजत सुरुवातीला ऑफस्पिनर होता. फलंदाजी हे आपलं खरं काम, हे त्याला पंधराव्या वर्षानंतर उमगलं. आज एखाद्या निवड चाचणीत पंधरा वर्षांचा ऑफस्पिनर आला, तर त्याच्यातला फलंदाज पाहायला कुणाला सवड असेल?

रजतची पुढची वाट सगळ्यांना ठाऊक असावी अशी आहे. २०२२ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. जखमी खेळाडूच्या जागी बंगळूरनं मध्येच बोलावलं, तेव्हा घरी लग्नाची तयारी चालू होती. लग्न पुढं ढकलावं लागलं. २५ मे रोजी ईडन गार्डन्सवर त्यानं ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. महिन्याभरानं रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध १२२. यश दुबे आणि शुभम शर्माचीही शतकं होती, आणि मध्य प्रदेशनं पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. प्रशिक्षक होते मुंबईकर चंद्रकांत पंडित. हा अंतिम सामना झाला त्याच बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर १९९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार असताना त्यांनी रणजीचा अंतिम सामना गमावला होता.

आणि कसोटी? पहिल्या डावात ३२ धावांवर रजत चांगला स्थिरावला होता. रेहान अहमदचा चेंडू त्यानं बचावात्मक खेळला, चेंडू बॅटला लागून जमिनीवर पडला आणि उसळी घेत मागं यष्टींवर गेला. तीन कसोटी, सहा डाव, ६३ धावा. त्यानंतर आजवर कसोटीत संधी नाही. सहा डावांत फलंदाज पारखता येत नाही. तिशीत पोचलेल्यालाही नाही आणि विशीतल्यालाही नाही. त्याच माणसानं २०२५ मध्ये बंगळूरला पहिलं आयपीएल विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी मध्य विभागाला दुलीप करंडकही. खचून जायला पुरेशी कारणं असताना तो खेळत राहिला, याचं मोल धावफलकात दिसत नाही.

व्यंकटेशनं सनदी लेखापालाचा अभ्यास सोडून एमबीए केलं, नोकरीही चालून आली होती, ती त्यानं नाकारली. पुस्तकं आणि बॅट दोन्ही धरून ठेवता येतात हे त्याच्याकडे पाहून तरी घराघरांत पटायला हवं. दहावीच्या आधी शाळा सोडायला लावणाऱ्यांनी तर नक्कीच विचार करावा.

उलट बाजूही पाहावी. आशुतोष शर्मा रतलामचा. लहानपणीच इंदूरच्या अकादमीत आला, मध्य प्रदेशकडून टी-२० खेळलाही, पण पुढं संघात त्याचं बस्तान बसलं नाही आणि तो रेल्वेकडे गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अरुणाचलविरुद्ध त्यानं ११ चेंडूंत अर्धशतक ठोकलं आणि युवराजसिंगचा १२ चेंडूंचा भारतीय विक्रम मागं पडला. रेल्वे नसती तर हा खेळाडू कुठं असता?

आता पुढची फळी उभी आहे. अशोकनगरच्या अक्षत रघुवंशीनं अठराव्या वर्षी बंगालविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात ६३ धावा काढल्या. सौम्य पांडेनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात १८ बळी घेतले. दोघांकडेही दम आहे. अक्षत लांबच्या डावात मोठा होईल आणि सौम्यला कसोटीच्या खेळपट्ट्यांवर शिकायला चार हंगाम लागतील, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. ते चार हंगाम त्याला मिळाले पाहिजेत.

मुलींची बाजू अधिक उजळ आहे. इंदूरच्या संध्या अगरवालनं १९८६ मध्ये वूस्टरला इंग्लंडविरुद्ध १९० धावा करून महिला कसोटीतला तेव्हाचा विक्रम केला होता. आज छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची क्रांती गौड विश्वविजेत्या संघात आहे आणि ग्वाल्हेरची वैष्णवी शर्मा भारताच्या मुख्य संघात पोचली आहे. इंदूरबाहेरून मुली येताहेत आणि खुद्द इंदूर मागं पडतंय, ही गोष्ट शहरातल्या क्लबांना लागायला हवी.

एकोणीस ते पंचवीस हीच वर्षं सगळ्यांत निसरडी. शाळेचं क्रिकेट संपलेलं, राज्य संघात सगळ्यांना जागा नाही, खिशात पैसा नाही. तेवीस वर्षांखालच्या मुलांसाठी देशात चार दिवसांची स्पर्धा आहे आणि तिला नाव इंदूरच्याच सी. के. नायडूंचं आहे. एवढ्यावर भागत नाही. असोसिएशननं संभागांच्या संघांना या वयासाठी अधिक बहुदिवसीय सामने द्यावेत, दुखापतीतून उठणाऱ्यांना अकादमीचं दार उघडं ठेवावं आणि बाहेरगावच्या मुलांच्या राहण्याखाण्याची सोय वाढवावी. इंदूरच्या उद्योजकांनी होळकरांचं नाव अभिमानानं घेताना दोन-चार खेळाडूंना नोकऱ्या द्याव्यात. आणि पालकांनो, निवड यादीत नाव नसल्याच्या संध्याकाळी पोराचं किट माळ्यावर टाकू नका. निदान पंचविशीपर्यंत त्याला खेळू द्या.