कर बसवायचा? आधी गाव घरी येऊ द्या!



आठवडे बाजारात टोपली टेकली की ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन पुढं उभा राहतो. डिंक विकला गेला नाही, मोहाचा भाव ठरला नाही, पण त्याचा पैसा आधी. "हे कुणी ठरवलं?" विचारलं तर म्हणतो, "तुमच्याच ग्रामसभेनं." आम्ही दप्तर उघडायला लावलं. ठराव २६ जानेवारीचा! त्या दिवशी आमचा अर्धा पाडा वीटभट्टीवर चिखल तुडवत होता. ठरावाखाली अंगठे मात्र रांगेनं उमटलेले.

कर नकोच, असं आम्ही म्हणत नाही. बाजारात सावली हवी, पाणी हवं, त्याला पैसा लागतो. आमचं भांडण वेगळं आहे: आम्हाला विचारलं कधी, आणि विचारलं कसं?

आधी 'कधी'. २६ जानेवारी आणि १ मेला आपण भट्टीवर, नाहीतर ऊसतोडीवर. १५ ऑगस्टला शेतात. सरकारी तारखांना गाव रिकामं, आणि रिकाम्या गावाच्या नावावर ठराव! शिमग्याला सारा पाडा घरी असतो. दिवाळीत, बाहेर पडण्याआधीही असतो. कराचा प्रश्न तेव्हाच मांडा.

आता 'कसं'. ज्याच्या ओट्यावरून पावसाळ्यात खावटी उचलली, तो व्यापारी सभेत पुढं बसला तर त्याच्यासमोर आपला हात वर कसा येईल? म्हणून आधी पाड्याची सभा, व्यापाऱ्याशिवाय. बाजारात बसतात त्या बाया, म्हणून आधी बायांचं बोलणं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात आधी अभ्यास गटात चर्चा होते, मग ग्रामसभा सर्वांच्या सहमतीनं ठरवते. त्यांना जमतं, आपल्याला का जमू नये?

साहेब म्हणतात, कायद्यानं बाजार फी लावता येते. येते, १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात ती आहे. पण १९९६चा पेसा कायदाही कायदाच आहे ना? त्यानं गावबाजाराचा कारभार आणि गौण वनउपजाची मालकी पंचायतीबरोबर ग्रामसभेच्याही हाती दिली. पाड्यालासुद्धा गाव मानलं. ग्रामसभा म्हणजे सरपंच, ग्रामसेवक आणि रजिस्टर नव्हे. ग्रामसभा म्हणजे आपण.

म्हणून आमची मागणी:

१. कराचा प्रश्न एकटा मांडा. दहा ठरावांच्या गठ्ठ्यात दडवू नका.

२. किती घेणार, कोण वसूल करणार, कशावर खर्च करणार, हे आमच्या बोलीत मोठ्यानं सांगा.

३. सांगितलं त्याच दिवशी अंगठा नको. पाड्यात बोलू, मग ठरवू.

४. डोक्यावर टोपली आणणाऱ्याला आणि टेम्पो भरून नेणाऱ्याला एकच दर नको.

५. ठराव एका वर्षाचा. हिशेब दाखवा, मग पुन्हा विचारा.

तोवर गाववाल्यांनो, कोऱ्या रजिस्टरवर अंगठा देऊ नका. पावती मागा, पावतीवर ठरावाची तारीख मागा. त्या तारखेला तुम्ही कुठं होतात, ते भर बाजारात सांगा.

हा अंक पाड्यापाड्यात वाचून दाखवा.

जिंदाबाद!