आंब्याचे दार पुन्हा बंद होण्याआधी

2025 च्या मे महिन्यात भारतातून विमानाने गेलेल्या आंब्यांच्या पंधरा खेपा अमेरिकेत लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर अडवल्या गेल्या. आंबा सडलेला नव्हता आणि कीड सापडल्याची तक्रारही नव्हती. नवी मुंबईतील केंद्रात 8 आणि 9 मे रोजी या फळांवर विकिरण प्रक्रिया झाली होती, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. खोट निघाली ती प्रक्रियेच्या कागदपत्रांत. माल परत न्या किंवा इथेच नष्ट करा, एवढेच दोन पर्याय त्यांच्यापुढे ठेवले गेले. नाशवंत फळ विमानाने परत आणणे परवडणारे नव्हते, त्यामुळे तो आंबा तिकडेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांच्या अंदाजाप्रमाणे नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचे, म्हणजे चार कोटी रुपयांहून अधिक होते. वर्षभर झाड सांभाळायचे, मोहोर वाचवायचा, एकेक फळ देठासह उतरवायचे आणि शेवटी एका कागदापायी ते कचऱ्यात जाऊ द्यायचे, हा प्रकार अपघात म्हणून सोडून देता येणार नाही.

नाशिक जिल्ह्याला तर तो मुळीच सोडून देता येणार नाही, कारण अमेरिकेचे दार भारतीय आंब्यासाठी उघडले ते याच जिल्ह्यातून. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला 2002 मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले, ते मुख्यतः कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. 2007 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने याच केंद्राला आंब्यासाठी मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेले ते अमेरिकेबाहेरचे पहिले कोबाल्ट-60 केंद्र होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि 1989 पासून बंद असलेली बाजारपेठ अठरा वर्षांनी खुली झाली. त्या पहिल्या हंगामात सुमारे 157 टन आंबा गेला. कांद्याच्या गावाने हापूस आणि केशराला साता समुद्रापार पोचवले, ही नाशिककरांच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्या अभिमानाबरोबर येणारी जबाबदारी मात्र आपण उचललेली नाही.

विकिरणाचे काम समजायला अवघड नाही. फळमाशीची अंडी फळाच्या गरात असतात आणि कोयीतला भुंगेरा कोयीतच दडलेला असतो. बाहेरून धुऊन-पुसून यांतले काहीच जात नाही. म्हणून पेट्या गॅमा किरणांपुढून नेल्या जातात. अमेरिकेची अट किमान 400 ग्रे मात्रेची आहे. एवढ्या मात्रेने कीड लगेच मरेलच असे नाही, पण तिची पुढची पिढी निपजत नाही. फळ किरणोत्सारी होत नाही. पण ही मात्रा प्रत्येक पेटीला मिळाली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि तिकडच्या विमानतळावर तपासताही येत नाही. तिथे पोचते ती केवळ नोंद. त्यामुळे या व्यापारात मात्रेची नोंद आणि तिच्यावरची सही यांना फळाइतकीच किंमत आहे. नोंद डळमळली की सगळ्या मालावरचा विश्वास जातो.

आणि हा विश्वास गमावण्याचा आपला इतिहास मोठा आहे. जपानने 1986 मध्ये आपला आंबा थांबवला आणि वीस वर्षांनी, 2006 मध्ये घेतला. युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून ऐन हंगामात बंदी घातली. 2013 मध्ये भारतीय फळे आणि भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या, हे त्यामागचे कारण. ती बंदी 2015 च्या जानेवारीत उठली, तोवर एक हंगाम हातचा गेला होता. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे अमेरिकी निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत, तेव्हा विकिरणाची यंत्रे जागेवर असून अमेरिकेची निर्यात ठप्प झाली. त्यानंतर 2021 च्या नोव्हेंबरमधील करारानुसार पूर्वतपासणीवर देखरेख करण्याचे काम टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे सोपवण्याचे ठरले. हा मोठा विश्वास होता. त्याचा लाभही दिसला: एप्रिल ते ऑगस्ट 2023 या काळात अमेरिकेला दोन हजार टनांहून अधिक आंबा गेला. असा विश्वास संपादन करायला वर्षे लागतात. 2025 च्या मे महिन्यातील दोन दिवसांनी त्यालाच तडा दिला.

कुणी म्हणेल, एवढ्याशा निर्यातीसाठी एवढी आरडाओरड कशाला? भारतात वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक आंबा पिकतो. जगाच्या उत्पादनातला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा आपला आहे. त्यातला ताजा आंबा 2023-24 मध्ये परदेशी गेला तो 32,104 टन, किंमत सुमारे 495 कोटी रुपये. म्हणजे हजार किलोंमागे दोन किलोही नाही. आम्हाला धोका याच आकड्यात दिसतो. उत्पादनात जगात पहिला असलेला देश जगाच्या बाजारात किरकोळ विक्रेता ठरला आहे, आणि किरकोळ विक्रेत्याच्या दोन चुका कुणी पोटात घालत नाही. अमेरिकेला लाखो टन आंबा पुरवणारा मेक्सिको शेजारी बसलेला आहे. पेरू, ब्राझील, इक्वेडोर आहेत. त्यांचा आंबा गरम पाण्याच्या प्रक्रियेतून जातो, जहाजाने किंवा ट्रकने पोचतो आणि स्वस्त पडतो. अमेरिकी बाजारातली नावाजलेली ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ जात ‘हेडन’च्या वंशातली आणि ‘हेडन’ ही भारतातून फ्लोरिडात नेलेल्या ‘मुलगोबा’च्या रोपापासून निघालेली. आपल्याच आंब्याच्या नातवंडांनी तो बाजार व्यापला आहे. चवीत ती हापूस-केशराच्या जवळपासही येत नाहीत. पण ती वेळेवर येतात आणि अडवली जात नाहीत. ग्राहकाला दुकानात जे फळ दर आठवड्याला मिळते, तेच त्याच्या सवयीचे होते.

हे दुखणे केवळ बंदरावरचे किंवा विमानतळावरचे नाही, त्याची मुळे बागेत आहेत. अवकाळी पाऊस आणि लांबलेली उष्णता यांमुळे मोहोरावर तुडतुडे आणि फुलकिडे येतात, फवारण्या वाढतात. पहिला पाऊस पडला की फळमाशी झपाट्याने वाढते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा साधा आहे, स्वस्त आहे. पण एका बागेत सापळे आणि शेजारच्या बागेत गळलेली फळे तशीच कुजत पडलेली, असे असेल तर माशी बांध ओळखत नाही. दरवर्षी मोहोर यावा म्हणून दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल, बागायतदारांच्या तोंडचे ‘कल्टार’, हेही शिफारशीच्या मात्रेत आणि शिफारशीच्या वेळीच दिले गेले पाहिजे. झाडाचे वय आणि घेर न पाहता ते ओतणारे बागायतदार उद्या औषधाच्या अवशेषांपायी सगळ्यांच्या पेट्या अडवायला कारण होऊ शकतात.

ही भीती काल्पनिक नाही, हे नाशिकच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. 2010 मध्ये याच जिल्ह्यातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. कारण होते क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे ‘सीसीसी’. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हते आणि तिकडच्या प्रयोगशाळेने ते शोधले. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड परिसरातली किती घरे त्या हंगामाने कर्जात लोटली, हे इथल्या लोकांना ठाऊक आहे. पण नाशिक त्या धक्क्यातून शिकले. ‘ग्रेपनेट’ या माग काढण्याच्या प्रणालीवरची द्राक्षबागांची नोंदणी, प्लॉटनिहाय औषधांच्या नोंदी, काढणीआधी अवशेषांची तपासणी हे सारे अंगवळणी पडले. आज युरोपातला ग्राहक घडाच्या डब्यावरून बागेपर्यंत पोचू शकतो. आंब्यासाठी तशीच ‘मँगोनेट’ आहे. पण द्राक्षाला जी शिस्त आली, ती आंब्याला अजून आलेली नाही. धक्का बसल्यावर शिकण्याऐवजी बसण्याआधी शिकता येते, हा धडा नाशिकने राज्याला द्यायला हवा.

या प्रश्नात नाशिकचे हित थेट गुंतलेले आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबांनी डोंगरउतारावर आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने सीमेपलीकडे गुजरातेत वांसद्यात सुरू केलेली ही वाडीची कल्पना इथे रुजली आणि पुढे नाबार्डने ती देशभर नेली. नागली आणि भातावर जेमतेम वर्ष काढून द्राक्षाच्या मजुरीला उतरणाऱ्या कुटुंबाला या एकरभर वाडीने गावात राहण्याचे कारण दिले. इथला केशर उशिरा तयार होतो. कोकणचा हापूस ओसरत असताना तो बाजारात येतो, म्हणजे भावाची संधी मोठी आणि पावसाचा धोकाही तेवढाच मोठा. पण या वाड्यांतला आंबा अजूनही बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्याला सरसकट भावाने जातो. त्याच जिल्ह्यात लासलगावला जगाच्या बाजाराची मान्यता मिळवलेले केंद्र आहे. एका टोकाला बाग, दुसऱ्या टोकाला केंद्र, आणि मधे ना शीतगृहाची साखळी, ना प्रतवारीची सोय, ना नोंदणी करून देणारा माणूस. हे अंतर काही तासांच्या रस्त्याचे आहे. ते इतकी वर्षे का मिटले नाही, याचे उत्तर जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि प्रशासनाने द्यायला हवे.

काय करायचे, हे स्पष्ट आहे. पहिले काम केंद्रांचे. प्रत्येक खेपेची मात्रा-नोंद पेट्या बाहेर पडण्याआधी दोन स्वतंत्र अधिकाऱ्यांनी तपासावी आणि त्रुटी असेल तर माल तिथेच थांबावा. फळ नवी मुंबईत किंवा लासलगावात थांबले तर ते देशी बाजारात विकता येते. ते अटलांटात थांबले तर नष्टच होते. चूक यंत्रणेची असेल तर भरपाई यंत्रणेने द्यावी. आज ती निर्यातदाराच्या आणि त्याच्यामागून बागायतदाराच्या माथी येते. 2025 च्या प्रकरणात कुणाची काय चूक झाली, हे अपेडा या केंद्रीय कृषी निर्यात प्राधिकरणाने आणि राज्य पणन मंडळाने शेतकऱ्यांसमोर मांडले पाहिजे. झाकलेली चूक पुन्हा होते.

दुसरे काम लासलगावचे. कोबाल्ट-60 ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते. स्रोत वेळेवर भरला नाही तर त्याच पेट्यांना अधिक वेळ लागतो आणि रोजची क्षमता घटते. त्यामुळे आंब्याच्या हंगामासाठी या केंद्राचे वेळापत्रक, मनुष्यबळ, स्रोताचा साठा आणि शीतगृह हे जानेवारीतच ठरले पाहिजे. एप्रिल उजाडल्यावर धावपळ करून काही साधत नाही.

तिसरे काम बागांचे. पेठ-सुरगाण्यातल्या एकरभर वाडीवाल्याला एकट्याने नोंदणी, सापळे, तपासणीचा खर्च झेपणारा नाही. गावाचा गट करून शेतकरी कंपन्यांमार्फत हे करावे लागेल, आणि कृषी सहायकाने मोहोरापासून काढणीपर्यंत त्या गटासोबत राहावे लागेल. देठासह फळ उतरवणारा ‘नूतन झेला’ प्रत्येक वाडीत पोचावा.

चौथे काम समुद्रमार्गाचे. 2022 च्या जूनमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे तंत्र वापरून सोळा टनांहून अधिक आंब्यांचा कंटेनर जहाजाने अमेरिकेला गेला. विमानभाड्याच्या ओझ्यातून सुटायचे तर हाच मार्ग आहे. पण एखाद्या प्रयोगावर व्यापार उभा राहत नाही. तो दर हंगामात, ठरल्या वारी, न चुकता व्हायला हवा. समृद्धी महामार्गाने नाशिकचा बंदराकडचा रस्ता आता सुकर केला आहे.

यातले कोणतेही काम अशक्य नाही आणि कोणत्याही कामासाठी नवा शोध लावायचा नाही. तंत्र आपल्याकडे आहे, केंद्र आहे, चव तर आहेच. कमी आहे ती शिस्तीची आणि उत्तरदायित्वाची. जपानने आपल्याला वीस वर्षे दाराबाहेर ठेवले, अमेरिकेने अठरा. तिसऱ्यांदा एवढी वर्षे थांबण्याची ऐपत वाडीतल्या शेतकऱ्याची नाही, कारण त्याची झाडे आत्ता फळावर आहेत आणि त्याची मुले आत्ता गाव सोडायच्या विचारात आहेत. पणन मंडळ, अपेडा, जिल्हा प्रशासन आणि नाशिकच्या खासदार-आमदारांनी पुढच्या मोहोराआधी एकत्र बसून याचा लेखी, तारीखवार आराखडा जाहीर करावा. आणि शेतकरी बांधवांनो, तो जाहीर होईपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत आणि बाजार समितीच्या प्रत्येक बैठकीत तो मागत राहा.